बिलात रॉकवुल, कापडाआड थर्माकोल

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात, पहिल्या मजल्यावर, एका तबलावादकांनी रेकॉर्डिंगची खोली केली. नवरात्र तोंडावर आलेलं, गरब्यांची कामं हातात, आणि डग्ग्याचा ‘घे’ खोलीत घुमत राहायचा. बेस ट्रॅप, म्हणजे खालचे घुमणारे स्वर शोषणारी पॅनेल, बसवून देणारा एकजण आला. आठ पॅनेल, आत ‘९६ डेन्सिटी रॉकवुल’ (दगडाची लोकर, घनमीटरला ९६ किलो), एकूण ४६,००० रुपये, सत्तर टक्के आगाऊ. पैसे गेले, घुमारा जागेवर राहिला. बेस ट्रॅपमधला माल कापडाआड असतो आणि कान सहज फसतो. म्हणून कुठे काय तपासायला हवं होतं, ते आकड्यांसकट देत आहोत.

आधी खोली. रुंदी २.९ मीटर, उंची २.७५. एक भिंत गल्लीच्या वळणाने तिरकी गेलेली, त्यामुळे लांबी एका बाजूला ४.६ आणि दुसऱ्या बाजूला ३.५५ मीटर. तिरक्या भिंतीचा एक कोपरा ७० अंशांचा, दुसरा ११० अंशांचा. उरलेल्या दोन काटकोनी कोपऱ्यांपैकी एकात जिना घुसलेला, तर दुसऱ्यापासून दार फक्त १८ सेंटिमीटरवर.

विक्रेत्याचं पहिलं खोटं इथेच होतं: “भिंत तिरकी आहे, स्टँडिंग वेव्हची काळजी नको.” स्टँडिंग वेव्ह म्हणजे समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून घुमत राहणारी लहर. तिरक्या भिंतीने समोरासमोरचा टाळीचा थरथराट कमी होतो, खालचे स्वर मात्र हटत नाहीत, थोडे सरकतात इतकंच. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा आणि त्याला मापाच्या दुपटीने भागा. रुंदीचा स्वर येतो ५९ हर्ट्झ, उंचीचा ६२, सरासरी लांबीचा सुमारे ४२. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्यामुळे ५९ आणि ६२ एकमेकांवर चढले. साठच्या आसपासचा फुगवटा आला तो तिथून.

पॅनेल बसल्यावर त्याने टाळी वाजवून दाखवली. खोली खरोखर ‘मेलेली’ वाटली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पण टाळीत शंभर हर्ट्झखाली ऐकू येण्याजोगं जवळपास काही नसतं. एक इंच पॉलिस्टर भरणसुद्धा टाळी गिळून टाकतं. पुढच्याच रेकॉर्डिंगमध्ये चाटेचा, म्हणजे तबल्याच्या काठावरचा ‘ना’ कोरडा पडला, ‘घे’ तसाच घुमला. म्हणजे खोली आधीपेक्षा बिघडली होती, कारण वरचे स्वर गेल्यावर खालचा फुगवटा जास्तच उघडा पडतो.

मग त्याने आलेख पुढे केला, ‘आधी’ आणि ‘नंतर’. आधीची रेघ दातेरी, नंतरची गुळगुळीत. पण पहिल्या रेघेला स्मूदिंग (आजूबाजूच्या स्वरांची सरासरी काढून रेघ गुळगुळीत करणं) नव्हतं आणि दुसरीला १/३ ऑक्टेव्हचं, म्हणजे सप्तकाच्या तिसऱ्या हिश्श्याचं होतं. तेवढं स्मूदिंग लावलं की कुठल्याही खोलीतले अरुंद खड्डे-उंचवटे दिसेनासे होतात. शिवाय माइक दोन वेगळ्या जागी ठेवला होता. पन्नास-साठ हर्ट्झला माइक अर्धा मीटर सरकवला तरी आकडा कितीतरी डेसिबलने बदलू शकतो. मोजमाप मान्य करायचं तर माइकच्या स्टँडची जागा जमिनीवर टेप लावून पक्की करा. आवाजाची पातळी आणि स्मूदिंग दोन्ही वेळा एकच हवं, आणि चित्राबरोबर मूळ फाईलही मागून घ्या. रूम इक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात नुसती रेघ पाहू नका, वॉटरफॉल पाहा. साठचा स्वर किती मिलिसेकंदांत विरतो ते तिथे दिसतं आणि बेस ट्रॅपचं खरं काम तेच असतं.

ब्रोशरवरचा एनआरसीचा आकडाही इथे कामाचा नाही. एनआरसी ही २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झच्या शोषणाची सरासरी आहे. साठ-सत्तर हर्ट्झचा त्यात पत्ताच नाही. मागायचा तो १२५ हर्ट्झचा स्वतंत्र आकडा, आणि तो किती जाडीला व मागे किती पोकळी ठेवून मोजला, हेही.

खोटेपणा शेवटी काट्याने उघडा पाडला, बॅग तोलायच्या साध्या हूकच्या काट्याने. १२०० × ६०० × १०० मिलिमीटरच्या पॅनेलचं घनफळ ०.०७२ घनमीटर. ९६ किलो घनता असेल तर आतल्या मालाचंच वजन ६.९ किलो भरायला हवं. ६४ ला ४.६, ४८ ला साडेतीन. १२ मिलिमीटर प्लायची चौकट साधारण पावणेतीन-तीन किलोची. म्हणजे पॅनेल पावणेदहा किलोच्या आसपास हवं होतं. भरलं सव्वाचार. मागचं कापड उसवलं तर पुढे एक इंच पॉलिस्टर आणि मागे तीन इंच थर्माकोल. थर्माकोलच्या पेशी बंद असतात. हवा आरपार जात नाही, तेव्हा शोषण होणार कसं?

आणि ‘९६ म्हणजे भारी’ हेसुद्धा अर्धसत्यच. जाडी वाढते तसा माल हलका चालतो. चार इंचांना ४८ ते ६४ पुरे, दीड-दोन फूट खोल भरणाला २४-३२ चं ग्लासवुलही छान काम करतं. फार दाट माल लांब लहरींना पृष्ठभागावरूनच परत फिरवू लागतो. जास्त घनतेचे जास्त पैसे देण्याआधी जाडी वाढवा.

सर्वांत जास्त राग येतो तो कोपऱ्यांचा. “कोपरे चौकोनी नाहीत” म्हणून त्याने पॅनेल भिंतीवर सपाट टांगली आणि पैसे कोपऱ्याचे घेतले. खरं तर ७० अंशांचा कोपरा ही या खोलीची सर्वोत्तम जागा होती. ६० सेंटिमीटर रुंद पॅनेल काटकोनात आडवं लावलं तर मागे ३० सेंटिमीटर पोकळी मिळते, ११० अंशांत २१, आणि ७० अंशांत ४३. पुठ्ठ्याचा साचा आधी कोपऱ्यात बसवून पाहावा. जुन्या घरात खालचा आणि वरचा कोन सहसा सारखा नसतो.

तो कोपरा पुढे मालाचे त्रिकोणी थर रचून जमिनीपासून छतापर्यंत भरला. दोन्ही भिंतींवर ५० सेंटिमीटर बाजू घेतली की त्रिकोणाचा समोरचा पाया ५७ आणि तिथून कोपऱ्यापर्यंतचं अंतर ४१ सेंटिमीटर येतं. १२०० × ६०० च्या ५० मिलिमीटर जाड स्लॅबमधून असे दोन अखंड आणि जोडून दोन, असे चार त्रिकोण निघतात. २.७५ मीटरला ५५ थर, म्हणजे १४ स्लॅब. एक जास्तीचा घ्या. घनता ४८. दर ९० सेंटिमीटरला प्लायची फळी द्या, नाहीतर वरच्या वजनाने खालचे थर दबतात. कापड मांजरपाट, तोंड लावून फुंकल्यावर श्वास आरपार जाईल असं. रेक्झिन नको. चुन्याच्या जुन्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तेव्हा मागे दोन सेंटिमीटर फट सोडा. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या.

दाराच्या आणि जिन्याच्या कोपऱ्यांवर पैसे घालू नका. चौकोनी खोलीला बारा कडा असतात, विक्रेते चारच मोजतात. भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे ४५ अंशांत लावलेलं पॅनेलही तेच काम करतं आणि दार मोकळं राहतं. त्याला चार जागी अँकर बोल्ट हवेत, डोक्यावरचं वजन आहे.

४२ हर्ट्झचा स्वर मात्र अशा भरणाने फारसा हलणार नाही; त्याच्या लहरीचा पाव भागच दोन मीटर असतो. “सगळं सपाट करून देतो” म्हणणाऱ्याला इथेच थांबवा.

स्वस्त पीयू (पॉलियुरेथेन) फोम कुणी सुचवला तर पेटण्याचं प्रमाणपत्र मागा. २००३ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ नाइटक्लबच्या भिंतींवरच्या फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. एकच दार असलेल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत हा विचार आधी करायचा.

पैशांबद्दल: बिलावर मालाचं नाव, घनता, जाडी आणि नग लिहून घ्या, नुसतं ‘अकूस्टिक वर्क’ चालवून घेऊ नका. शेवटचे तीस टक्के वजन करून आणि एक पॅनेल मागून उघडून पाहिल्यावरच. फसलातच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. “तुमचा स्टुडिओ धंद्याचा, तुम्ही ग्राहक नाही” असं विक्रेता घाबरवेल. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरलेली नाही. काट्यावर टांगलेल्या पॅनेलचा, वजन दिसेल असा फोटो काढून ठेवा, उसवण्याआधी एक आणि उसवल्यावर एक.