अँफिबियावेब : नागपुरात बसून जगभरचे बेडूक

मी नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. बेडकाचा धडा आला की मला कायम एक गोष्ट खटकते, ती म्हणजे आपण मुलांना एकच बेडूक शिकवतो. आमच्या काळी तो मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून उताणा पडलेला असायचा. नाव राना टिग्रीना, हृदय तीन कप्प्यांचं, जर्नलमध्ये आकृती काढा, सही घ्या, संपलं. हा विषय तिथे संपू नये म्हणून मी अँफिबियावेब हे संकेतस्थळ वर्गात वापरायला लागले, आणि आता ते मला पाठ्यपुस्तकाइतकंच गरजेचं वाटतं.

आधी कामाचं सांगते. अमेरिकेतल्या बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून २००० साली हे सुरू झालं. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. मुखपृष्ठावर जगातल्या उभयचरांच्या प्रजातींचा आकडा असतो आणि नवी प्रजाती नोंदली गेली की तो वाढतो. सध्या तो ८,०००च्या पुढे आहे, आणि त्यात दर दहांमागे जवळपास नऊ बेडूक किंवा टोड (म्हणजे कोरड्या, खडबडीत कातडीचे बेडूक). प्रजातीच्या पानावर फोटो, नकाशा, राहणीमान, धोके असं सगळं एका जागी मिळतं. काही पानांवर आवाजही ऐकता येतो.

माझा सल्ला असा की सुरुवात ओळखीच्या प्राण्यापासून करा. मी वर्गात पहिलं पान उघडते ते आपल्या मोठ्या बुलफ्रॉगचं. ट्रेमधला तो हाच. त्याचं नाव आता होप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस आहे. पण मुलं नावाकडे बघतच नाहीत, ती फोटोकडे बघतात. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर भागातल्या रिकाम्या प्लॉटांत पहिला दणकून पाऊस पडला की हे नर पाण्यात उतरतात, आणि एरवी मळकट हिरवा दिसणारा तो प्राणी अंगभर पिवळाधमक झालेला असतो. ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना गडद निळ्या पिशव्या फुगतात, मिटतात, पुन्हा फुगतात. मादी मात्र आहे त्याच रंगाची राहते. फॉर्मॅलिनच्या वासात ज्यांनी हा प्राणी पाहिला, त्यांनी हा रंग एकदा तरी पाहायलाच हवा. एके काळी याच्या तंगड्या परदेशी ताटांत जायच्या, १९८७ साली भारताने ती निर्यात बंद केली. वर्गात हेही सांगते, कारण भातशेतीतले किडे खाणारा प्राणी विकून आपण काय गमावत होतो, हे विदर्भातल्या मुलांना लगेच कळतं.

दुसरा ओळखीचा म्हणजे कूलरमधला. नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या जाळीला किंवा बाथरूमच्या भिंतीला चिकटून बसणारा, बोटांच्या टोकांना गोल चकत्या असलेला, तपकिरी झाडबेडूक. पॉलिपिडेटिस मॅक्युलेटस. लोक त्याला झाडूने हाकलतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. कारण पावसाळ्यात याची मादी जे करते ते जवळून पाहण्यासारखं असतं. सिमेंटच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या जरा वर, ती अंगातून चिकट द्रव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळत राहते. बघता बघता पांढरा फेस तयार होतो, ताकावर येतो तसा. अंडी त्या फेसाच्या आत. बाहेरचा थर सुकून कडक होतो, आत ओल राहते, आणि काही दिवसांनी शेपटीवाली पिल्लं त्यातून सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात.

इथून पुढे हे संकेतस्थळ खरं हातात येतं. आपल्या टाकीतला फेस पाहिला, की मग "बाकीचे बेडूक पिल्लांचं काय करतात?" हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात. दक्षिण अमेरिकेतल्या पिपा टोडच्या मादीच्या पाठीच्या कातडीत अंडी रुततात आणि तयार झालेली छोटी पिल्लं पाठीतूनच बाहेर येतात. चिलीतल्या डार्विनच्या बेडकाचा बाप पिल्लं गळ्याच्या पिशवीत वाढवतो, म्हणजे आपला बुलफ्रॉग जी पिशवी ओरडायला वापरतो, तिथे याचा पाळणा. युरोपातल्या मिडवाइफ टोडचा नर अंड्यांच्या माळा मागच्या पायांना गुंडाळून हिंडतो. ऑस्ट्रेलियात तर अशी जात होती जिची आई अंडी गिळायची, पोटात आम्ल बंद व्हायचं, आणि पिल्लं तोंडातून बाहेर यायची. १९८०च्या दशकानंतर ती कोणाला दिसलेली नाही. हे वाचून वर्ग गप्प होतो. मी मुद्दाम पुढचं पान लगेच उघडत नाही.

उष्णतेचंही तसंच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की आपले बिळातले बेडूक जमिनीखाली असतात. मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो, त्याने ते उलटे, ढुंगणाकडून मातीत शिरतात, डोळे सगळ्यात शेवटी. त्याच्या शेजारी अलास्कातला वुड फ्रॉग ठेवून बघा. हिवाळ्यात त्याच्या शरीरातलं अर्ध्याहून जास्त पाणी गोठतं, हृदय थांबतं, यकृतातून आलेली साखर पेशींना सांभाळते, आणि वसंतात तो वितळून चालू लागतो. "मॅडम, तो बर्फ होते अन् पुन्हा उठते?" असं आमच्या वर्गातल्या एका पोराने विचारलं होतं. हो बाळा, उठते.

आकारांची पानं मुलं आपापली शोधतात. पापुआ न्यू गिनीतला साडेसात-आठ मिलिमीटरचा बेडूक आणि कॅमेरूनचा तीन किलोच्या वर जाणारा गोलियाथ. त्यावर मी फार वेळ घालवत नाही. सह्याद्रीची पानं मात्र नक्की उघडा. २००३ साली जगासमोर आलेला जांभळा बेडूक तिथलाच, दक्षिणेकडच्या घाटांतला, आणि त्याचे जवळचे नातलग थेट सेशेल्स बेटांवर. खळाळत्या ओढ्यात आवाज पोचत नाही म्हणून पाय हलवून खुणा करणारे नाचरे बेडूकही तिथे आहेत.

टोडबद्दलची अढी घालवायलाही याचा उपयोग होतो. "टोडला हात लावला की अंगावर चामखीळ येते" हे ऐकत आपण मोठे झालो, ते खोटं आहे. टांझानियातल्या किहान्सी धबधब्याच्या तुषारांत राहणारा दोन सेंटिमीटरचा टोड शोधून बघा. तो अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. धरणाने पाणी वळवलं, तुषार आटले, २००९ साली तो निसर्गातून नामशेष जाहीर झाला. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी तो जगवला आणि २०१२ पासून त्याला परत त्याच दरीत सोडायला सुरुवात झाली. जगातल्या दर पाच उभयचरांपैकी दोन धोक्यात आहेत, हा आकडा नुसता सांगून पोरांच्या डोक्यात राहत नाही. या एका पानाने राहतो.

उणं काय, तर मराठी नाही. मजकूर मुख्यतः इंग्रजीत आहे आणि शास्त्रीय शब्द भरपूर आहेत, त्यामुळे आठवी-नववीच्या मुलांना एकटं सोडून चालणार नाही, शेजारी बसून सांगावं लागतं. काही प्रजातींच्या पानांवर मजकूर अजून लिहिला जायचा आहे, तिथे फोटो आणि नकाशावर भागवा.

शिक्षकांना एवढंच सुचवेन की देशानुसार शोधायची सोय आहे, तिथून भारताची यादी काढा. त्यातून आपल्या भागातले आठ-दहा निवडा, त्यांची पानं जूनमध्येच वाचून ठेवा, आणि पाऊस लागला की संध्याकाळी टॉर्च घेऊन मुलांना जवळच्या डबक्याकडे न्या. गमबूट घालायला सांगा आणि पालकांना आधी कळवा.