नावाची क्यू : शिवोली रस्त्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानातून

सेकंडहँड पूल क्यूवर, म्हणजे पूल खेळायच्या काठीवर, आधीच्या मालकाचं नाव असलं की तिची किंमत पडते. लाकूड तेच, वजन तेच, दोन तुकड्यांमधला जॉइंट तोच. पण गिऱ्हाईक बटवरचं, म्हणजे मागच्या जाड तुकड्यावरचं, नाव वाचतं आणि क्यू मुकाट्याने जागेवर ठेवतं. मी अशीच एक क्यू गोव्यात म्हापसा-शिवोली रस्त्यावरच्या जुन्या सामानाच्या दुकानातून घेतली. मे महिन्यात घेतली, पावसाळाभर तिनेच खेळले, चतुर्थी होऊन गेली तरी ती सरळ आहे. तेव्हा आता दुकानाबद्दल आणि नावाच्या क्यूबद्दल खात्रीने लिहिते.

दुकानाला पाटी नाही. जुन्या घराचं बल्कांव (दारापुढचा ओटा) आणि त्यामागची खोली, एवढंच. सर्फबोर्ड, गिटारी, इंडक्शनच्या शेगड्या, लहान मुलांच्या सायकली आणि कोपऱ्यात क्यू. हा माल कुठून येतो हे इकडच्या माणसाला सांगायला नको. हरमल, मोरजी, हणजूण भागात हंगामभर घर भाड्याने घेऊन राहिलेले लोक उन्हाळ्यात निघतात आणि जे बॅगेत बसत नाही ते विकून जातात. क्यू तर विमानात हातातल्या सामानात नेऊच देत नाहीत, आणि चेक-इनला टाकली तर केस कुठे आपटेल याचा भरवसा नाही. म्हणून कधी कधी फार चांगल्या क्यू इथे मागे राहतात.

दुकान चालवणारे काका साठी ओलांडलेले आहेत. स्वतः खेळत नाहीत, पण माल हाताळू देतात, हे मला सगळ्यात आवडलं. "बाय, पळय, सगळ्या जोडून बघ, घाई नाही," म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. नावाशिवायची साधारण त्याच दर्जाची क्यू ते ९,००० ला सांगत होते. नावाची ५,५०० ला. ५,२०० वर सौदा ठरला, त्यात हार्ड केसही आली. यूपीआय चालतं.

क्यू दोन तुकड्यांची, ५८ इंची, मेपलचा शाफ्ट (पुढचा बारीक तुकडा), १३ मिमीची टिप (टोकाचं चामडं), बटला मुठीच्या जागी धाग्याचं रॅप. बंपर, म्हणजे बटच्या शेवटचं रबरी बूच, काढल्यावर आत १९ औंसाची खूण होती. घराशेजारच्या वाण्याने काट्यावर ठेवून दिली तर ५३८ ग्रॅम भरली, म्हणजे हिशेब बरोबर. नाव रॅपच्या मागच्या भागावर आहे: रोमन लिपीत, तिरक्या अक्षरांत, आत सोनेरी रंग भरलेला, आद्याक्षर आणि आडनाव. ते मी इथे लिहीत नाही. ज्याचं आहे त्याला विचारलेलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. नाव असणं वाईट नाही, ते कसं घातलंय हे बघायचं. मोबाइलचा टॉर्च तिरपा धरा आणि नावावरून नख आडवं फिरवा. नख कुठेच अडलं नाही तर नाव लॅकरच्या, म्हणजे वरच्या चकचकीत थराच्या, खाली चिकटवलेलं किंवा छापलेलं आहे. नख अडलं तर ते कोरलेलं आहे, बहुधा लेझरने. अक्षरं वेगळ्या लाकडाची किंवा शिंपल्याची असतील तर ते जडावाचं काम. तसं हाताला लागलं आणि कडांना फट नसेल तर बिनघोर घ्या, त्यावर कुणीतरी मनापासून पैसे खर्च केलेत.

कोरलेल्या नावात एक पोटभेद आहे आणि आपल्या हवेत तोच महत्त्वाचा. नाव लॅकर मारण्याआधी कोरलं असेल तर अक्षरांच्या खाचांतही लॅकरचा थर असतो. टॉर्च मारला की खाच आतून चमकते. तयार क्यूवर नंतर कोरलं असेल तर तेवढ्या जागी थर फुटलेला असतो आणि लाकूड उघडं पडतं. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, तिथे उघडं लाकूड कोरडं राहील कसं? अशा क्यूवर अक्षरांच्या कडेला पांढुरकी झाक दिसते किंवा लॅकर पापुद्र्यासारखं सुटायला लागलेलं असतं. काकांकडच्याच दुसऱ्या एका नावाच्या क्यूवर मला ते दिसलं, म्हणून स्वस्त असूनही ती सोडली. माझ्या क्यूच्या खाचा चमकत होत्या. नख हलकंसं खाली उतरतं आणि अलगद वर येतं, कुठे खरखरत नाही.

नाव खरवडलेली क्यू मात्र अजिबात घेऊ नका. या दुकानाच्या आधी मी दुसऱ्या एका विक्रेत्याकडे गेले होते. त्याच्या क्यूवर रॅपमागे बोटभर लांबीचा भाग मंद होता, बाकीची बट चकचकीत. मुठीत धरून फिरवली तर तिथे बोटाला खळगा लागत होता. म्हणजे पॉलिश पेपरने नाव घासून काढलेलं. कोणाची होती विचारलं तर उत्तर दोनदा बदललं. चोरीचीच असेल असं नाही, कदाचित नाव घालवल्याने चांगली किंमत येईल एवढाच हेतू असेल. पण गोलाई गेली ती गेली, आणि ती कोणाची हे सांगणारी एकमेव खूणही गेली.

उलट काकांनी वही काढली. लांबट, लाल कापडी बांधणीची, दुकानदारांची असते तशी. तारीख, वस्तू, विकणाऱ्याची सही. त्यांनी पान उघडलं, फोन नंबरवर स्वतःचा अंगठा ठेवला आणि सहीतलं आडनाव मला दाखवलं. क्यूवर होतं तेच, अक्षराला अक्षर. बिननावाच्या क्यूबद्दल अशी खात्री कोणी कशी देणार? माझ्या मते नावाचा खरा फायदा हा आहे, आणि गंमत म्हणजे त्याचेच पैसे कमी होतात. जुनी वस्तू घेताना ती कोणी स्वतःच्या हाताने विकली हे कळणं मला फार मोलाचं वाटतं. काकांनी अंगठ्याने नंबर झाकला त्याचंही मला कौतुक वाटलं.

दुसरं, जो माणूस क्यूवर नाव घालून घेतो तो ती सहसा जपतो. याची खूण शाफ्टवर दिसते. चॉकने आणि घामाने शाफ्ट चिकट होतो, मग बरेच जण तो पॉलिश पेपरने घासतात. दरवेळी लाकूड थोडं झिजतं आणि काही वर्षांनी १३ मिमीचा शाफ्ट साडेबारावर येतो. मी जाडी मोजायचा व्हर्नियर घेऊन गेले होते. फेरूलच्या, म्हणजे टिपेखालच्या छोट्या नळीच्या, मागे १२.९ भरलं. जॉइंटच्या दोन्ही टोकांना टोपणं होती, केसमध्ये शाफ्ट पुसायचा घडी घातलेला कपडाही होता. रॅपला वास नव्हता. याउपर माणसाची ओळख कशाला हवी!

सरळपणा तपासायला तिथे टेबल नाही, ही दुकानाची मोठी उणीव. काकांचं काचेचं जेवणाचं जुनं टेबल विकायला ठेवलंय, त्यावर मी दोन्ही तुकडे वेगवेगळे लोळवले. नुसती जोडलेली क्यू लोळवू नका. ती हेलकावे खात असेल तर दोष शाफ्टचा, बटचा की जॉइंटचा ते कळत नाही. शाफ्ट लोळताना टिपेकडचं टोक वरखाली उडतंय का आणि काच आणि शाफ्टच्या मधून उजेड लपकतोय का, ते बघायचं. मग क्यू जोडून बटचा शेवट तळहातावर हलकेच आपटायचा. आतून खुळखुळ किंवा झणझण आली तर जॉइंट किंवा वजनाचा बोल्ट सैल आहे. आणि जॉइंटमधल्या आट्यांच्या पिनचं माप लिहून आणा. माझ्या क्यूला ५/१६-१८ ची पिन आहे, म्हणजे पाव इंचापेक्षा थोडी जाड आणि इंचाला १८ आटे. उद्या शाफ्ट मोडला तर त्याच मापाचा नवा मागवता येईल. माप माहीत नसेल तर नुसती बट घेऊन बसायचं.

नाव काढून टाकता येईल का, हे मीही विचारलं. छापलेलं असलं तरी ते लॅकरच्या खाली असतं, त्यामुळे थर उतरवून पुन्हा चढवावा लागतो. कोरलेलं असेल तर लेथवर बट तेवढी बारीक करावी लागते किंवा खाचा भरून वर रंग द्यावा लागतो, नाहीतर तो तुकडाच बदलायचा. काकांनी पूर्वी एका गिऱ्हाइकासाठी असं काम बाहेर पाठवलं होतं; त्यांच्या सांगण्याप्रमाणे नावामुळे जेवढे वाचले जवळपास तेवढेच तिथे गेले. मला ते पटतं. शिवाय माझ्या मनाला ते बरंही वाटत नाही. कुणीतरी हौसेने घातलेलं नाव, त्याच्या खाली लाकूड उत्तम, मग कशासाठी पुसायचं?

किंमत वाढवणाऱ्या नावांबद्दलही सावध राहा. स्नूकर आणि बिलियर्ड्सच्या जुन्या इंग्लिश क्यूच्या बटला एक सपाट तासलेली बाजू असते, तिथे पट्टी बसवलेली असते. त्यावर स्नूकरचे जुने इंग्लिश विजेते जो डेव्हिस (Joe Davis) यांच्यासारख्याचं नाव असलं म्हणजे ती क्यू त्यांची होती असं नव्हे. डेव्हिस यांनी १९२७ ते १९४६ या काळात स्नूकरची १५ जागतिक विजेतेपदं मिळवली, साहजिकच त्यांच्या नावाने क्यू विकल्या गेल्या. ते मॉडेलचं नाव. आपल्याकडेही पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कोलकात्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. उद्या कोणी त्यांच्या हातची क्यू म्हणून काही दाखवलं तर आधी कागद मागा, मग हात लावा. बनवणाऱ्या कारागिराची सही असेल तर ती वेगळी बाब, तिने किंमत वाढते आणि वाढायलाच हवी.

दुकानाच्या तक्रारी दोन. काका क्यू भिंतीला तिरक्या टेकवून ठेवतात, आणि ती भिंत पश्चिमेची, पावसाचा मारा घेणारी. वर्षभर तशी उभी राहिली तर चांगली मेपलही वाकेल. मी त्यांना सांगितलं, आडव्या सपाट ठेवा नाहीतर टोकाने टांगा. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या खेपेला निम्म्या क्यू कपाटावर आडव्या दिसल्या. दुसरी तक्रार टिपेची. जुनी टिप झिजून कडक झाली होती, ती त्यांनी बदलून दिली, पण कडा नीट तासली नाही. फेरूलच्या बाहेर चामडं डोकावत होतं. म्हापशाला आमच्या पार्लरमधल्या पोराने ती काढून नवी बसवली, कडा ब्लेडने फेरूलला भिडवली. तुम्ही टिप दुकानात लावून घेऊच नका, तेवढे पैसे सौद्यात कमी करा.

आता खेळाबद्दल. पार्लरच्या एकसंध काठ्यांनी खेळून आलेल्या हाताला पहिला फरक जाणवतो तो आवाजाचा. पांढरा बॉल मधोमध लागला की भरीव, छोटा टक् येतो, मुठीत थरथर उरत नाही. फॉलो आणि स्क्रू, म्हणजे धडकेनंतर पांढरा पुढे नेणं आणि मागे आणणं, दोन्ही मला आता हवे तेवढेच मिळतात. साइड देताना, म्हणजे पांढऱ्याला डावी-उजवीकडे मारून फिरकी देताना, मात्र साधा मेपलचा शाफ्ट पांढऱ्याला थोडा बाजूला ढकलतो, तेवढं धरून निशाणा घ्यावा लागतो. कमी ढकलणारे शाफ्ट वेगळे मिळतात आणि त्यांची किंमत या अख्ख्या क्यूपेक्षा जास्त असते. पूलमधला नेहमीचा एट-बॉल खेळणाऱ्याला ही भरपूर झाली. ब्रेकसाठी, म्हणजे डाव फोडणाऱ्या पहिल्या फटक्यासाठी, मी अजूनही पार्लरची काठी घेते. चांगली टिप ब्रेकला का झिजवायची?

नाव खेळताना मला दिसत नाही. मूठ रॅपवर असते आणि नाव मुठीच्या मागे, त्यामुळे वाचतात ते बाकावर बसलेले. कोण हा, असं विचारतात. आधीचा मालक, असं सांगते. पार्लरमधल्या एका दादांनी वरून स्टिकर लावायला सुचवलं. लावणार नाही. गोंद लॅकर खातो आणि दमट हवेत कडा सुटून हाताला चिकटतात. पुढे कधी माझं नाव घालायचं झालं तर खाली दोन बोटं जागा आहे, तिथे घालीन, वरचं राहील.

काका आठवडाभरात परत घेतात, पण टिप बदलली असेल तर नाही. माल सगळ्यात जास्त एप्रिल-मेमध्ये असतो. जाताना व्हर्नियर आणि टॉर्च न्या, आणि दुपारी एक ते चार जाऊ नका, दार बंद असतं.