थांबा की मुक्काम?

पणजीहून मडगावला जाताना बस कुठ्ठाळीला थांबते, तो थांबा. माणसं चढली, उतरली, गाडी पुढे.

मुक्काम रात्रीचा. मूळ अरबी असलेल्या या शब्दात अंथरूण, जेवण, पहाटे पुन्हा निघणं, सगळं आलं. गोव्यातून पंढरपूरला पायी जाणारे वारकरी दुपारी टेकतात तो विसावा (किती गोड शब्द!) आणि रात्री राहतात तो मुक्काम. पाहुणा आठवडाभर हलेना, तर त्याने 'मुक्काम ठोकला'. 'थांबा ठोकला' कुणी म्हणत नाही. पत्त्यातलं 'मु. पो.' म्हणजेही मुक्काम पोस्टच.

म्हणूनच सहलीच्या पत्रकात 'म्हापसा : एक रात्र थांबा' वाचलं की मला खटकतं. ती विनंती वाटते. तिथे मुक्कामच लिहावं.