कॅम्परमधले जुने बल्ब काढून एलईडी लावताना: काय घ्यावं, काय टाळावं

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करून घेतलेल्या ओळखीतल्या तिघा-चौघांनी वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला: आतले बल्ब बदलून एलईडी करायचेत, नेमकं काय लावू? प्रत्येकाला फोनवर तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. इथे सगळं एका जागी लिहिते, कारण बहुतेक जण उजेड किती पडेल एवढंच विचारतात आणि आपल्या किनारपट्टीच्या हवेत खरा प्रश्न पंख्याचा असतो.

आमच्या गाडीत छताला दोन दिवे होते. दोन्हींत २१ वॅटचे बल्ब, मागच्या इंडिकेटरला असतात तेच. ओट्यावर दोन आणि बिछान्यांच्या उशाशी दोन असे १० वॅटचे चार छोटे हॅलोजन, दोन बारीक पिनांचे, ज्यांना जी४ म्हणतात. संध्याकाळी स्वयंपाक, जेवण, पत्ते या वेळात छताचे दोन्ही आणि हॅलोजनपैकी दोन चालू असायचे. ते झाले ६२ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर पाच अँपिअरच्या थोडं वर. सात ते अकरा असे चार तास धरले तर २१ अँपिअर-तास बॅटरीतून गेले. आमची आतली बॅटरी १०० अँपिअर-तासांची, लेड-ॲसिड. ती टिकायला हवी असेल तर अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणजे हाताशी ५०. त्यातले २१ नुसत्या दिव्यांत संपायचे.

त्याच जागी एलईडी लावल्यावर छताचे ४ वॅटचे दोन आणि बाकीचे २ वॅटचे दोन, मिळून १२ वॅट. एक अँपिअर. चार तासांचे चार अँपिअर-तास. सतरा वाचले. आमचा १२ व्होल्टचा पंखा मधल्या वेगावर दोन अँपिअर घेतो, आठ तास चालला तर सोळा. दिवेआगरला मे महिन्यात, वारा पडलेला, खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावलेली, अशा रात्री पहाटे तीनला पंखा मंदावला की गाडीतलं कोणीच झोपू शकत नाही. सासूबाई तर दार उघडून पायरीवर बसून राहायच्या. दिवे बदलल्यावर तोच पंखा सकाळी चहा होईपर्यंत चालला. तुमच्याकडे अशाच आकाराची बॅटरी असेल तर हा हिशेब तुमच्या बल्बांच्या आकड्यांवर एकदा मांडा. दिवे बदलायचे की नाही, याचं उत्तर तिथेच मिळेल.

तुमच्याकडे २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि टपावर सोलर पॅनल असेल, तर वाचलेले सतरा तुम्हाला फारसे जाणवणार नाहीत. चोवीस तास चालणारा काँप्रेसरचा फ्रिज असेल तर वीज खाणारा मुख्य तोच, दिवे त्याच्यापुढे किरकोळ. मग बदलण्याचं कारण उरतं ते उष्णतेचं, आणि तेही लहान नाही.

जुनेच ठेवले तर

फिलामेंटच्या बल्बचे गुण मान्य करायला हवेत. प्लस-मायनस उलटं लावलं तरी पेटतो. व्होल्टेज थोडं वर-खाली झालं तर फक्त उजेड कमी-जास्त होतो. रेडिओत खरखर आणत नाही. रंग तर इतका खरा दाखवतो की त्याची सर बऱ्याच एलईडींना नाही. पण त्याने घेतलेल्या विजेतली बहुतेक उष्णता होऊन बाहेर पडते. ओट्यावरच्या हॅलोजनचं प्लास्टिकचं झाकण मी उतरवलं तेव्हा मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग होता, आणि नखाने दाबल्यावर तो भाग बिस्किटासारखा तुटला. त्याच्या मागे प्लायवूड आणि फोमचं अस्तर. उशाशी असा दिवा असेल आणि गाडीत लहान मूल असेल, तर बाकी काही नाही तरी तो एक तरी बदला.

त्याच होल्डरमध्ये एलईडी बल्ब

बहुतेकांसाठी हीच वाट बरी, असं माझं ठाम मत आहे. वायरिंगला हात लावायचा नाही, छताला नवी भोकं नाहीत, अर्ध्या दिवसाचं काम. मात्र बल्ब निवडताना चूक झाली तर पैसे पाण्यात जातात, आणि माझे पहिले गेले.

आपण १२ व्होल्ट म्हणतो, पण गाडीत नेमके १२ क्वचितच असतात. बॅटरी उतरत आली की साडेअकराच्या आसपास. इंजिन चालू असताना मी ओट्याच्या होल्डरमध्ये मीटरच्या पिना टेकवल्या तर १४.२ आले. चार्जर लावला की १४.४, आणि काही चार्जरांचा बॅटरी सुधारण्याचा मोड १५ च्याही वर नेतो. स्वस्त एलईडी बल्बच्या आत तीन-तीन चिप एका ओळीत आणि सोबत करंटला अडवणारा एक रेझिस्टर, एवढंच असतं. पांढऱ्या चिपला साधारण ३.१ व्होल्ट लागतात, तिघींना ९.३. बाराच्या वेळी रेझिस्टरच्या वाट्याला २.७ येतात, १४.२ ला ४.९. म्हणजे व्होल्टेज जेमतेम दोनने वाढलं, पण चिपमधून जाणारा करंट पावणेदोनपटीच्या घरात गेला. मुंबई-गोवा रस्त्यावर रात्री आतले दिवे लावून मुलं बसली होती. गुहागरला पोहोचेपर्यंत सहापैकी दोन बल्ब लुकलुकायला लागले आणि एक निळसर झाला. विकणाऱ्याने ‘गाडीला चालतं’ म्हणून दिले होते, आणि मीही वेष्टनावर काय लिहिलंय ते वाचलं नव्हतं.

चांगल्या बल्बवर १०–३० व्होल्ट डीसी असं लिहिलेलं असतं. आत करंट स्थिर ठेवणारा छोटा ड्रायव्हर असतो. हातात घेतला तर जरा जड लागतो, आणि पाठीमागे चिपांखेरीज एक काळी आयसी आणि कॉइल दिसते. छापलेल्यावर विश्वास नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. आधी एकच बल्ब आणा, होल्डरमध्ये लावा, आणि कोणाला तरी गाडी चालू करायला सांगा. इंजिन धरल्यावर उजेड वाढला तर तो रेझिस्टरवाला. उजेड होता तसाच राहिला तर बाकीचे आणायला हरकत नाही. मोठ्या बसच्या चॅसिसवर बांधलेली गाडी २४ व्होल्टची असू शकते. ड्रायव्हरवाला १०–३० चा बल्ब तिथेही चालतो, रेझिस्टरवाला लगेच जळेल.

दुसरी गोष्ट आकाराची. जुना बल्ब चारही दिशांना उजेड टाकतो, एलईडी चिप तोंड असेल तिकडेच. छताच्या उथळ दिव्यात बल्ब आडवा बसतो. तिथे भोवताली चिपा असलेला कणसासारखा बल्ब लावलात तर अर्धा उजेड छताकडे जातो. चपटी पाटी असलेला घ्या, जिची चिपांची बाजू खाली फिरवता येते. जी४ मध्येही दोन प्रकार असतात: चकतीच्या पाठीतून पिना निघालेला आणि कडेतून निघालेला. होल्डर छताला उभा आहे की आडवा, त्यावर ठरतं. दुकानात जाताना जुना बल्ब सोबत न्या आणि होल्डरचा फोटो काढून ठेवा. एलईडीला प्लस-मायनस कळतं, त्यामुळे जी४ लावल्यावर पेटला नाही तर फेकू नका, उलटा करून बघा. ज्यांच्यात ब्रिज, म्हणजे प्लस-मायनस आपोआप जुळवून घेणारा भाग, असतो ते दोन्हीकडून पेटतात.

वॅटवर जाऊ नका, लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा. २१ वॅटचा जुना बल्ब साधारण ४६० लुमेन देतो, पण त्यातला बराच झाकणाच्या मागे वाया जातो. त्यामुळे ३५० लुमेनचा एलईडी खाली तोंड करून बसवला तरी टेबलावर तेवढाच उजेड पडतो. आणि रंग! मुंबईतल्या बहुतेक दुकानांत न सांगता ‘डे-लाइट’, म्हणजे ६५०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगछटेचं माप) पांढरा, हातात देतात. गाडीच्या छोट्याशा जागेत तो डोळ्यांत खुपतो, आणि दार उघडं असेल तर किडेही जास्त येतात. बिछान्यांशी आणि छताला २७०० ते ३००० चा वॉर्म, म्हणजे पिवळसर, घ्या. ओट्यावर मी ४००० चा लावला. पण तिथे केल्विनपेक्षा रंग किती खरा दिसतो ते महत्त्वाचं, म्हणजे सीआरआय ९० किंवा त्याहून वर. हर्णै बंदरावर संध्याकाळच्या लिलावातून सुरमई आणली होती. पहिल्या स्वस्त दिव्याखाली तिचे कल्ले राखाडी दिसले, वाटलं फसलो. बाहेर टॉर्चखाली नेली तर लालभडक. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लाल रंगच तुटपुंजा असतो. मासे-मटण करणाऱ्या घराने हे ध्यानात ठेवायला हवं.

ड्रायव्हरवाल्या बल्बचा एक त्रास मात्र खरा आहे. त्यातल्या काहींमुळे रेडिओत खरखर येते. आमच्याकडे अस्मिता वाहिनी लावली की छताचा दिवा बंद करावा लागायचा, दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावल्यावर थांबलं. आणि बटणातच बारीक दिवा असेल, तर त्यातून जाणाऱ्या जराशा करंटवरही एलईडी रात्रभर मिणमिणत राहू शकतो. अशा जागी साधं बटण लावून घ्या.

लावण्याआधी होल्डर तपासा. दोन पावसाळे मुंबईत रस्त्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पितळी होल्डरमध्ये हिरवा थर बसलेला असतो. जुना बल्ब पाच-पाच पट करंट ओढत तिथेही पेटून जायचा, एलईडी मात्र लुकलुकतो आणि आपण बल्बला दोष देतो. बारीक पॉलिश पेपर फिरवा, स्प्रिंग मेली असेल तर होल्डरच बदला. फ्यूजही बघा. दिव्यांच्या लाइनला १० किंवा १५ चा असेल, तर आता ५ चा पुरतो.

पट्टी लावायची तर

एलईडीची पट्टी स्वस्त पडते, काही शे रुपयांत पाच मीटरचं भेंडोळं मिळतं. ओट्याच्या वरच्या कपाटाखाली तिच्यासारखा उजेड बल्ब देऊ शकत नाही, कापणाऱ्या हाताची सावलीच पडत नाही. पण पट्टीतही तेच तीन चिपा आणि एक रेझिस्टर, म्हणून मीटरला साठ चिपांची पट्टी दर पाच सेंटिमीटरवर कापता येते. तेव्हा व्होल्टेजचा वर सांगितलेला त्रास इथेही आलाच. तिच्या आधी स्थिर १२ व्होल्ट देणारं छोटं बक-बूस्ट मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज कमी आणि जास्त दोन्ही करणारं, लावा. नुसतं बक, म्हणजे फक्त कमी करणारं, नको, कारण बॅटरी साडेअकरावर आली की ते बारा देऊ शकत नाही. लॅमिंग्टन रोडला ही मॉड्यूलं आणि ॲल्युमिनियमचं चॅनल दोन्ही मिळतात. चॅनल घ्याच. त्याने पट्टीची उष्णता निघून जाते, आणि उन्हात उभ्या गाडीत पट्टीमागचा गोंद सुटून ती लोंबायला लागत नाही. ५०५० आकाराच्या मोठ्या चिपांची, मीटरला साठवाली पट्टी मीटरला १४.४ वॅट खाते. पाच मीटर सगळीकडे लावली तर ७२ वॅट, म्हणजे जुन्या बल्बांच्या संध्याकाळच्या ६२ पेक्षा जास्त! एलईडी लावूनही बॅटरी बसते अशी तक्रार करणाऱ्या एका मित्राच्या गाडीत नेमकं हेच निघालं. मीटरला ४.८ वॅटची साधी पट्टी ओट्यापुरती भरपूर होते.

जुन्या गाडीत १२ व्होल्टची ट्यूब असेल तर तिच्या पेटीतला चोक काढून टाका आणि त्याच पेटीत पट्टी बसवा. झाकण तेच राहतं, दिसतंही चांगलं.

नवे दिवे, किंवा इन्व्हर्टरवर घरचे बल्ब

होल्डर, झाकणं सगळंच मोडकळीला आलं असेल तर अख्खे १२ व्होल्टचे एलईडी दिवे घेणं योग्य. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीसाठीचे मिळतात. टच-डिमर असलेले घ्या, पण चिप त्यात कायमची बसवलेली असते, गेली की दिवाच बदलायचा.

इन्व्हर्टर लावून घरातले ९ वॅटचे बल्ब वापरायचा सल्ला काही फॅब्रिकेटर देतात. दिव्यांसाठी तरी तो घेऊ नका. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः करंट खातो, काही तर आपल्या सगळ्या एलईडींच्या निम्म्याएवढा. त्यात पावसात ओल आलेल्या, हादरणाऱ्या पत्र्याच्या डब्यातून २३० व्होल्टच्या वायरी फिरवायच्या. लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर ठेवा, दिवे १२ वरच राहू देत.

मी शेवटी काय केलं ते सांगते. छताला आणि उशाशी जुन्याच होल्डरमध्ये ड्रायव्हरवाले वॉर्म बल्ब, ओट्यावर मीटरभर पट्टी, आणि दाराच्या पायरीपाशी अंबर रंगाची वीतभर पट्टी वेगळ्या बटणावर. शेवटची भंडारदऱ्यासाठी. मेअखेरीला तिथे काजवे बघायला जातो, तेव्हा पांढरा दिवा लावला की आपल्यालाही काजवे दिसत नाहीत आणि त्यांनाही त्रास होतो. पायरी दिसण्यापुरता अंबर उजेड ठेवून बाकी सगळं बंद करतो.

काढलेल्या जुन्या बल्बांपैकी २१ वॅटचे दोन आणि दोन हॅलोजन फडक्यात गुंडाळून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेत. मालवणच्या पुढे एखादा एलईडी गेला तर जी४ चा कुठे मिळणार नाही, पण होल्डर तेच असल्याने जुना बल्ब सरळ बसतो.