झोन दाखला, भाग नकाशा आणि हरकत: गाळेधारकाला नगररचना विभाग किती कामाला येतो?

महापालिकेच्या नगररचना विभागाकडून छोट्या कारखानदाराला तीन गोष्टी मिळतात: झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते याचा दाखला), भाग नकाशा (विकास योजनेच्या नकाशाचा आपल्या जागेपुरता भाग) आणि विकास योजनेत, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या शहराच्या आराखड्यात, फेरबदल होताना हरकत घेण्याची संधी. पहिल्या दोन सेवा पैसे वसूल. तिसरी अर्धीमुर्धी. पण औद्योगिक पट्टा खरा जिथून पोखरला जातो, तिथे यातलं काहीच पोचत नाही, म्हणून एकूण पाचपैकी अडीच. हे परीक्षण 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू असलेल्या शहरांपुरतं आहे. मुंबई महापालिका आणि एमआयडीसी त्यात येत नाहीत.

आधी दाखला. ताजा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, मोजणी नकाशाची प्रत आणि शुल्काची पावती जोडली की अर्ज पुरा होतो. मोजणी नकाशा टाळू नका, सगळी गोम तिथेच आहे. गट मोठा असेल तर दाखल्यावर ‘अंशतः औद्योगिक, अंशतः रहिवास’ एवढंच येतं आणि आपला गाळा रेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. म्हणून दाखल्यासोबत भाग नकाशाही मागायचा आणि त्यावर मोजणीची हद्द बसवून घ्यायची. जांभळा रंग औद्योगिक, पिवळा रहिवास. रंगाची कड आणि गटाची हद्द बऱ्याचदा जुळत नाही. कड शेडमधून जात असेल तर ते आजच कळलेलं बरं, बँकेच्या वकिलाने कर्जाच्या वेळी दाखवण्यापेक्षा. उत्तर रखडलं तर 2015 चा लोकसेवा हक्क अधिनियम हाताशी आहे, पण त्यासाठी अर्ज क्रमांक असलेली पोच हवी. टेबलावर नुसता ठेवून आलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

आता हरकत. एखादा भूखंड औद्योगिकमधून रहिवासात टाकायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 खाली राजपत्रात सूचना निघते आणि एका महिन्यात कोणीही हरकत देऊ शकतो. नवी विकास योजना येते तेव्हा हेच काम कलम 26 खाली होतं. मुदत तोकडी आहे आणि सूचनेत फक्त गट क्रमांक असतात, गल्लीचं किंवा इस्टेटचं नाव नसतं. आजूबाजूचे गट क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लावून ठेवलेत तरच जाहिरात वाचून काही उमगेल.

पन्नास जणांच्या सहीचं एकच छापील पत्र सुनावणीत दोन मिनिटांत उरकतं. प्रत्येक युनिटने आपलं पत्र द्यावं. त्यात गाळा क्रमांक, पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी यंत्रं) किती आणि किती टनी, पाळ्या किती, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राचा क्रमांक व तारीख, ट्रेलर कोणत्या रस्त्याने आत येतो, आणि प्रस्तावित भूखंडाची हद्द आपल्या भिंतीपासून किती मीटर, हे सगळं लिहावं. ‘उद्योग वाचवा’ या वाक्यावर अधिकारी काही नोंदवू शकत नाही, मीटरवर नोंदवू शकतो.

खरी गळती यूडीसीपीआरच्या नियम 4.8.1 मधून होते. औद्योगिक विभागातच, विभाग न बदलता, प्राधिकरणाच्या मंजुरीने निवासी किंवा वाणिज्य वापर करता येतो. राजपत्र नाही, हरकत नाही, शेजाऱ्याला सूचना नाही. कारखाना बंद पडलेला असेल तर कामगारांची देणी भागवल्याबद्दल कामगार आयुक्तांचं ना हरकत लागतं. जिथे उद्योग कधी उभाच राहिला नाही अशा मोकळ्या जागेला तेही लागत नाही. विकास योजनेचा रंग जांभळाच राहतो, त्यामुळे तुमचा भाग नकाशा दहा वेळा काढलात तरी शेजारी बारा मजली इमारत येतेय हे त्यात दिसणार नाही. नियमातला एक शब्द किती जमीन गिळतो हे गिरणगावाने पाहिलं आहे. मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 58 मध्ये गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते: पालिका, म्हाडा आणि मालक. 2001 च्या दुरुस्तीने ती वाटणी मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली.

शेजारी रहिवासी आले की बिघडतं काय? आवाज. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत औद्योगिक क्षेत्राला दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबल चालतात, रहिवासी क्षेत्राला 55 आणि 45. रात्री दहानंतरच्या पाळीतली प्रेस 45 मध्ये बसणं जवळजवळ अशक्य. ‘आम्ही आधीपासून इथे आहोत’ या म्हणण्याला आपल्या नियमांत घर नाही. लंडनच्या 2021 च्या योजनेत नव्याने येणाऱ्याने आवाज रोखायचा खर्च सोसायचा, असं स्पष्ट धोरण आहे. तसं एक वाक्य इथे असतं तर निम्म्या तक्रारी दाखल झाल्या नसत्या.

तरी 4.8.1 मध्येच एक हुकमी अट आहे: औद्योगिक आणि निवासी वापरातलं विलगीकरणाचं अंतर निवासी होणाऱ्या जागेतूनच सोडायचं. तुमच्या आवारातून नाही. शेजारची कंपनी बंद पडल्याची कुणकुण लागताच या अटीचा उल्लेख करून नगररचना विभागाला पत्र द्या आणि पोच घ्या. कायद्याने त्याला वजन नाही, पण ते त्या प्रकरणाच्या फाइलला लागतं. त्या गटावर कोणती परवानगी दिली ते माहिती अधिकारात विचारा, उत्तराची मुदत 30 दिवस.

माहिती अधिकाराहून झटपट मार्ग महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळाचा. प्रकल्प विकायला काढण्याआधी मंजूर आराखडा तिथे चढवावा लागतो. तो उतरवून घ्या आणि तुमच्या बाजूची हद्द बघा. विलगीकरणाच्या पट्ट्यात पार्किंग, ट्रान्सफॉर्मर किंवा क्लबहाऊस काढलेलं दिसलं, तर जोत्याच्या आधी तक्रार गेली पाहिजे. जोतं झाल्यावर तोच पट्टा ‘प्रत्यक्ष जागेवरील परिस्थिती’ होऊन बसतो.