अंगणातले पेव्हर ब्लॉक: घराच्या किमतीत भर घालतात का?

घर विकायच्या आधी अंगण नीटनेटकं करायचं ठरलं की पहिलं नाव पेव्हर ब्लॉकचं निघतं. वस्तू चांगलीच आहे. पण घराला भाव मिळतो तो ब्लॉकखाली काय भरलंय आणि पाणी कुठे जातंय, यावर. घर बघायला आलेला माणूस डिझाइनवरून नजर फिरवतो आणि लगेच भिंतीच्या पायथ्याकडे बघतो. तिथे ओल किंवा पोपडे दिसले की घासाघीस सुरू होते आणि अंगणावर केलेला खर्च त्यातच जातो.

पायी वावर आणि घरची मोटार एवढंच असेल तर ६० मिमी जाडी पुरते. जड वाहन येणार असेल तर ८० मिमी घ्यावी. २०० × १०० मिमीचे ब्लॉक चौरस मीटरला ५० लागतात. म्हणजे ३० चौरस मीटरच्या अंगणाला १५००, शिवाय कापण्यात जाणारे ५ ते १० टक्के. थोडे जास्तीचे त्याच लॉटमधले घेऊन ठेवा, कारण पुढच्या लॉटचा रंग हमखास वेगळा निघतो. घेताना एक ब्लॉक फोडून बघा. रंग फक्त वरच्या पातळ थरात असेल तर झीज झाल्यावर खालचं राखाडी काँक्रीट उघडं पडतं. कड किल्लीने खरवडल्यावर भुगा निघत असेल तर तो माल नकोच.

खरं काम खाली आहे. काळी किंवा चिकण माती असेल तर आधी जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, पण माती आणि खडी वेगळी ठेवणारं) कापड अंथरावं, नाहीतर खडी हळूहळू मातीत रुतते. त्यावर पायवाटेला १०० ते १५० मिमी आणि गाडीच्या जागेला किमान १५० मिमी खडीचा थर. तो एकदम टाकून वरून दाबला तर खालचा भाग पोकळच राहतो. ७५ ते १०० मिमीचे थर घालून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने (सपाट पत्र्याचं, थरथरून दाबणारं यंत्र) दाबायला हवा. मग २५ ते ४० मिमी जाडसर, धुतलेली वाळू, सगळीकडे सारख्या जाडीची. खड्डे या वाळूने भरून काढणं ही सर्रास होणारी चूक: जिथे वाळू जास्त, तिथेच ब्लॉक खचतो. वाळूऐवजी दगडाची भुकटी वापरू नये. ती पाणी धरून ठेवते.

कडेला काँक्रीटची पक्की कड नसेल तर बाहेरची रांग सरकते, सांधे उघडतात, वाळू वाहून जाते. गाडीच्या जागेवर हेरिंगबोन रचनाच घ्या, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात, नागमोडी ओळीत. ब्रेक आणि वळणाचा ताण तीच नीट पेलते. सांधे २ ते ४ मिमी ठेवून कोरडी बारीक वाळू झाडूने भरावी, कॉम्पॅक्टर फिरवावा आणि पुन्हा भरावी.

किमतीला सर्वात जास्त मारक ठरते ती पातळी. अंगण जोत्यातल्या डीपीसीच्या (जमिनीतली ओल भिंतीत चढू नये म्हणून घातलेल्या थराच्या) किमान १५० मिमी खाली हवं आणि उतार घरापासून दूर, मीटरला १५ ते २० मिमी. जुन्या फरशीवरच ब्लॉक बसवून पातळी वर आणली की ओल डीपीसी ओलांडून थेट भिंतीत चढते.

नव्या ब्लॉकवर पांढरे क्षार येतात, ते बहुतेक वेळा आपोआप जातात. ॲसिड ओतून पृष्ठभाग खराब करू नका. सांध्यातलं गवत बहुधा वरून पडलेल्या बियांतून उगवतं, म्हणून खाली प्लास्टिक घालून उपयोग नाही, उलट पाणी अडतं.

ओतीव काँक्रीटपेक्षा इथे एक मोठा फायदा आहे. पाइप फुटला तर ब्लॉक उचलायचे, काम करायचं, खाली नीट दाबून तेच परत बसवायचे. ठिगळ दिसत नाही. मात्र सगळं अंगण झाकू नका. झाडाच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवा. सावली असलेलं अंगण घेणाऱ्याला आवडतं आणि तापलेलं काँक्रीट नकोसं होतं.

ठेकेदाराचे शेवटचे पैसे देण्याआधी भिंतीलगत पाणी सोडा. ते घराकडे वळलं किंवा मध्येच थांबलं, तर तेवढा भाग उचलून खडीपासून पुन्हा करून घ्या.