साकीनाक्यातील थर्मल स्प्रे कोटिंग सेवा : काम, छेदचित्र आणि एक तक्रार

समुद्राच्या पाण्यावर चालणारे पंप दुरुस्त करणे हा आमचा व्यवसाय आहे, त्यामुळे शाफ्ट स्लीव्ह (पंपाच्या दांड्यावरची संरक्षक नळी), प्लंजर (दट्ट्या) आणि बेअरिंगच्या बैठकी यांवर कठीण थर चढवून घेण्याची गरज आम्हाला सतत पडते. मुंबई बंदराजवळच्या दारूखान्याकडून येणाऱ्या जहाजी पंपांच्या स्लीव्ह तर ग्लँड पॅकिंगखाली (गळती रोखणाऱ्या वेष्टनाखाली) इतक्या खाल्लेल्या असतात की, नवी बनवावी की जुनीवर थर द्यावा हा हिशेब प्रत्येक वेळी मांडावा लागतो. गेली काही वर्षे हे काम आम्ही साकीनाक्याच्या एका गाळ्यात चालणाऱ्या थर्मल स्प्रे कारखान्याला, म्हणजे तापवलेली पावडर वेगाने फवारून थर देणाऱ्या कारखान्याला, देत आहोत. कारखान्याचे नाव येथे मुद्दाम टाळले आहे, कारण पुढे एक तक्रार आहे आणि तिच्यावर आपली बाजू मांडण्याची सोय त्यांना या लेखात नाही.

या कारखान्याची जमेची बाजू अशी की, मागणी केल्यास जॉबसोबत (थर द्यायच्या भागासोबत) एक छोटे कुपन, म्हणजे चाचणीचा धातूचा तुकडा, फवारले जाते, ते कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले जाते आणि त्या छेदाचे छायाचित्र चलनासोबत मिळते. बाकी ठिकाणी बहुधा कठिणपणाचा एक आकडा लिहून देतात आणि गिऱ्हाईकही त्यावर समाधान मानते. तो आकडा खोटा असतो असे नाही, पण तो फारच थोडे सांगतो. ३०० ग्रॅम भाराने ११०० विकर्सच्या (विकर्स हे कठिणपणाचे माप) थरावर उमटणारा ठसा जेमतेम २२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतो, आणि तो कुठे मारायचा हे मारणाऱ्याच्या हातात असते. दोन ठशांच्या मध्ये भेग असली, किंवा थर आणि स्लीव्ह यांच्या सीमेवर ब्लास्टिंगचे, म्हणजे फवारणीपूर्वी पृष्ठभाग खडबडीत करण्यासाठी मारलेले, खडे अडकलेले असले, तरी आकडा उत्तमच येतो.

छेदचित्राला एवढे महत्त्व का द्यायचे, हे थर कसा तयार होतो यावरून कळते. झुरिकच्या मॅक्स उलरिक शूप यांनी ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी उभी केली. तेव्हापासून फवारणीच्या गन बदलल्या, इंधने बदलली, पण मूळ घटना तीच राहिली. पावडरचा कण ज्वाळेत किंवा प्लाझ्मात (अतितप्त, विद्युतभारित वायूत) शिरतो, तेथे फार तर काही मिलिसेकंद राहतो, पूर्ण किंवा अर्धवट वितळतो आणि वेगाने पृष्ठभागावर आदळून चपटा होतो. ४० मायक्रॉन व्यासाचा वितळलेला गोल कण २ मायक्रॉन जाडीचा झाला, तर त्याची चकती सुमारे १५० मायक्रॉन रुंद होते. हे पसरणे काही मायक्रोसेकंदांत आटोपते आणि लगोलग कण गोठतो. थंड होण्याचा दर सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात असतो. पुढचा कण त्या जागी पडतो तेव्हा आधीचा बहुतेक वेळा गोठून गेलेला असतो. म्हणजे हा थर ओतलेल्या धातूसारखा एकसंध नसून भिंतीवर एकीवर एक थापलेल्या गोवऱ्यांसारखा असतो, आणि दोन गोवऱ्यांच्या मध्ये काय राहिले यावर त्याचे आयुष्य ठरते. प्लाझ्माने दिलेल्या सिरॅमिक थरात तर चकत्यांचा परस्परांशी खरा जोड उपलब्ध पृष्ठाच्या एक तृतीयांशाहून फारसा अधिक नसतो. उरलेल्या जागेत अतिशय पातळ फटी असतात. उष्णतारोधक थरांना या फटींचा फायदाच होतो, कारण त्यांच्यामुळे उष्णता अडते. पंपाच्या स्लीव्हला मात्र त्या घातक ठरतात, कारण खारे पाणी तेथूनच आत उतरते.

कारखान्याकडे दोन पद्धती आहेत : एचव्हीओएफ (ऑक्सिजन आणि इंधनाची अतिवेगवान ज्वाळा) आणि प्लाझ्मा. कोणत्या कामाला कोणती, याबाबत ते गिऱ्हाईकाचे ऐकत नाहीत, आणि ही गोष्ट मला आवडली. टंगस्टन कार्बाइडचा थर प्लाझ्माने मारून द्या, असे सांगणाऱ्या एका गिऱ्हाईकाला माझ्यासमोर नकार मिळाला. कारण सरळ आहे. एचव्हीओएफमध्ये केरोसीन किंवा वायुरूप इंधन ऑक्सिजनमध्ये दाबाखाली जळते. ज्वाळेचे तापमान सुमारे ३००० अंशांच्या आतबाहेर असते, पण कणाचा वेग सेकंदाला ५०० ते ८०० मीटरपर्यंत जातो. कार्बाइडचे दाणे धरून ठेवणारे कोबाल्ट-क्रोमचे बंधक मऊ होते किंवा वितळते, कार्बाइडचे दाणे घनच राहतात आणि वेगामुळे थर दाबून बसतो. प्लाझ्माच्या गाभ्याचे तापमान १०,००० अंशांच्याही वर असते आणि कणाचा वेग त्या मानाने बराच कमी, साधारण सेकंदाला १५० ते ३०० मीटर. त्या उष्णतेत कार्बाइडमधला कार्बन जळून जातो, दाणे बंधकात विरघळतात आणि छेदात ठिसूळ डायटंगस्टन कार्बाइड, प्रसंगी धातुरूप टंगस्टनही दिसू लागतो. थर कठीण राहतो, पण झिजताना कपच्या काढतो. उलट क्रोमियम ऑक्साइडचा द्रवणांक २४०० अंशांच्या वर असल्यामुळे तेथे प्लाझ्माच हवा. ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) आणखी एक गंमत येथील मुख्य तंत्रज्ञाने मला क्ष-किरण आलेखावर दाखवली : पावडर अल्फा या स्फटिकरूपातली असली, तरी झटपट गोठल्यामुळे थरात बहुतांश गॅमा रूप येते, आणि जे अल्फा उरते त्यातले बरेचसे न वितळलेल्या कणांचे असते.

पावडरच्या बाबतीत ते काटेकोर आहेत. एचव्हीओएफसाठी साधारण १५ ते ४५ मायक्रॉनांची पावडर घेतात, फवारण्यापूर्वी ओव्हनमध्ये सुकवतात, आणि गनखाली सांडलेली पावडर पुन्हा डब्यात टाकत नाहीत. हे शेवटचे वाक्य लिहावे लागते यातच या धंद्याविषयी बरेच काही आले. फार बारीक कण ज्वाळेत जास्त तापून ऑक्साइड धरतात किंवा तिच्या गाभ्यात शिरतच नाहीत. फार जाड कण आतून घनच राहतात आणि छेदात गोल, अंगठीसारखी कड असलेले दिसतात. अशा गोलाच्या बाजूला पोकळी असणारच.

ब्लास्टिंग मी जवळून पाहिले आहे. ॲल्युमिनाच्या खड्यांनी स्लीव्हवरची चकाकी जाऊन ती एकसारखी करडी, मॅट होते. कामगार तिला स्वच्छ हातमोज्यांनीच उचलतो, कारण बोटाचा तेलकट ठसासुद्धा तेथील जोड बिघडवतो. हा जोड मुख्यतः यांत्रिक असतो : चपटा झालेला कण खडबडीत खाचांत अडकून आकसतो आणि पकड घेतो. मुंबईच्या पावसाळ्यात येथेच कसोटी लागते. जुलैत हवेतली सापेक्ष आर्द्रता सहज ८० टक्क्यांच्या वर असते, वर समुद्राची खारट हवा. ब्लास्ट केलेले साधे पोलाद बघता बघता पिवळसर पडते. स्टेनलेस पिवळे पडत नाही, म्हणून धोका टळला असे नाही, कारण पृष्ठावर बसलेला ओलावा कण आदळताच उकळतो आणि सुबक चकतीऐवजी चिंधड्या उडालेला शिंतोडा बसतो. पृष्ठभाग आधी थोडा तापवला, तर चकत्या गोल आणि नीट चिकटलेल्या येतात. कारखान्यात भिंतीवर आर्द्रतामापक आहे, ब्लास्टिंग आणि फवारणी यांत खंड पडू दिला जात नाही, आणि जॉब साधारण १०० अंशांपर्यंत तापवून मगच पावडर सोडली जाते. गार पोलादावर ज्वाळेचा पहिला हात फिरवला की जळणातून निघालेली वाफच त्यावर दंव होऊन बसते; हे माहीत असल्यामुळे येथे तापवणे घाईत उरकले जात नाही.

छेदचित्रे मी बारकाईने पाहत आलो आहे. टंगस्टन कार्बाइडच्या कामात पोकळी १ टक्क्याच्या आत, सीमा स्वच्छ, कार्बाइडचे दाणे कोपरे शाबूत ठेवून बसलेले, असे चित्र सातत्याने मिळते. नमुना तयार करण्यातही हात साफ आहे. हिऱ्याची चकती थराच्या बाजूने आत शिरेल अशा रीतीने कुपन कापले जाते, म्हणजे थर दाबाखाली राहतो, उचकटत नाही. नंतर निर्वातात पातळ रेझिन भरून मगच घासणे सुरू होते. ही पायरी गाळली तर सिरॅमिकचे कण घासताना निखळतात आणि चांगला थर जाळीदार दिसतो. याउलट मऊ धातूचा थर चुकीच्या घासण्याने लेपटून पोकळ्या झाकतो आणि वाईट थर गुळगुळीत दिसतो. दुसऱ्या प्रकारची फसवणूक गिऱ्हाईकाला कधीच उमगत नाही. ओढून जोडाची ताकद मोजण्याची चाचणीही ते बाहेरून करून देतात, पण एचव्हीओएफच्या थराला तिचा फारसा उपयोग नाही, कारण ७० मेगापास्कलच्या आसपास गोंदच तुटतो आणि थर कितपत धरून होता हे अज्ञात राहते.

आता तक्रार. गेल्या पावसाळ्यात दिलेल्या क्रोमियम ऑक्साइडच्या एका स्लीव्हचा थर पंप चालू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत खांद्यापाशी (जेथे व्यास एकदम बदलतो तेथे) सुटला. मधला भाग शाबूत होता. खांद्याच्या आतल्या कोपऱ्याला लागून बोटभर रुंदीची पट्टी पापुद्रा सुटावा तशी निघाली होती आणि खाली राखाडी धातूवर गंजाचे टिपके होते. कुपनाचे चित्र काढून पाहिले, तर ते निर्दोष. खरी अडचण तेथेच होती. कुपन सपाट असते, गन त्यावर काटकोनात चालते आणि ते थंडही वेगळ्या गतीने होते. खांद्यापाशी मात्र गन तिरकी धरावी लागली होती. कोन ४५ अंशांच्या खाली गेला की आधी बसलेल्या कणांच्या आडोशाला पुढचे कण पोहोचत नाहीत. त्या सावलीत पोकळ्या साठतात आणि उसळून परतलेली धूळ तेथेच गाडली जाते. शिवाय प्रत्येक चकती गोठताना आकसते व थरात ताण साठतो. एचव्हीओएफमध्ये मागून येणाऱ्या कणांच्या ठोक्यांनी हा ताण बराचसा उतरतो, प्लाझ्माच्या सिरॅमिकमध्ये तो बारीक उभ्या भेगांनी मोकळा होतो, आणि कोपऱ्यात तो सर्वांत जास्त असतो. त्यात भेगा भरणारे सीलर खांद्यावर नीट पोहोचले नव्हते.

स्लीव्ह परत पाठवल्यावर त्यांनी वाद न घालता ती कापली, खांद्याचा छेद मला दाखवला आणि दुसरी विनामूल्य करून दिली. एवढ्यापुरती सेवा चांगलीच म्हणावी लागेल. पण खांद्याची गोलाई वाढवा आणि कडेला उतार द्या, हे त्यांनी काम स्वीकारतानाच सांगायला हवे होते. जॉबच्या ड्रॉइंगमध्ये खांदा स्पष्ट दिसत होता, आणि फवारणीतला अनुभव त्यांचा होता, आमचा नव्हे. कुपनाच्या बाबतीतही त्यांची पद्धत अपुरी आहे. जॉबच्या त्रिज्येवर, त्याच फिरत्या दांड्यावर, अवघड कोपऱ्याच्या कोनात बांधलेले कुपन असावे, असे मी सुचवले. कामाची वेळ वाढते असे उत्तर मिळाले. महत्त्वाच्या जॉबसाठी जादा पैसे घेऊन ते आता तयार होतात, मात्र ऑर्डरमध्ये तसे लिहावे लागते.

दर क्षेत्रफळ आणि जाडी यांवर ठरतो, हिऱ्याच्या चाकाने ग्राइंडिंगचे पैसे वेगळे लागतात, आणि इतर ठिकाणांपेक्षा एकूण बिल जास्त येते. वेळेच्या बाबतीत त्यांचा शब्द धरून चालू नये. फोनवर 'उद्या' म्हटले की परवा समजावे. गाळ्यासमोर टेम्पो लावायला जागा नाही, म्हणून जड शाफ्ट सकाळी लवकर उतरवलेला बरा. सरळ दंडगोल जॉबवर टंगस्टन कार्बाइड हवे असेल, तर मी दुसरीकडे विचारणार नाही. खांदे, खाचा किंवा आतल्या बाजू असलेल्या जॉबवर सिरॅमिक हवे असेल, तर ड्रॉइंग घेऊन समोर बसावे, गन कुठे कोणत्या कोनात जाईल हे विचारावे, सीलर कोणते आणि ते ग्राइंडिंगच्या आधी लागणार की नंतर हे लिहून घ्यावे, आणि मगच जॉब सोडावा.